बोटीच्या इंजिनात सिंथेटिक ऑइल घालावं की साधं?

बोटीचं ऑइल बदलायची वेळ आली की हा प्रश्न हमखास निघतो आणि सल्ला देणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सिंथेटिकशिवाय इंजिन टिकत नाही. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं साधंच घालतोय, काय बिघडलं? आपापल्या इंजिनापुरते दोघंही खरे असतात. पण गाडीसाठी सिंथेटिकच्या बाजूने जी कारणं दिली जातात, त्यांतली बरीचशी पाण्यावर गळून पडतात. म्हणून माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी सोडवावा. ऑइल कुठल्या प्रमाणपत्राचं हवं, कुठल्या ग्रेडचं हवं आणि तुम्ही ते वर्षातून किती वेळा बदलणार, हे तीन प्रश्न आधी सुटले की पुष्कळदा चौथा आपोआप सुटतो.

बोटीत ऑइल कशाने मरतं

गाडी सपाट रस्त्यावर निवांत धावत असते तेव्हा तिचं इंजिन आपल्या ताकदीचा लहानसा भाग वापरत असतं. बोटीला उतार नसतो आणि ॲक्सिलरेटर सोडून घरंगळत जाण्याची सोयही नसते. पाण्यावर उचलून पळणारी बोट तासन्तास ७० ते ८० टक्के ताकदीवर चाललेली असते. गाडी दिवसभर घाट चढत राहिली तर काय होईल, तसं हे काम.

याच्या अगदी उलट टोकाला मासेमारीची हळू चाल किंवा शिडाच्या बोटीचं छोटं डिझेल. हे इंजिन अर्धा तास चालतं, धक्क्यापासून बाहेर पडेपर्यंत, आणि बंद होतं. धड तापतही नाही. शिवाय समुद्राचं पाणी थेट इंजिनात फिरत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप, मुद्दामच थंड ठेवलेला असतो, साधारण ६० अंश सेल्सिअसचा, कारण त्यापेक्षा फार तापलं की खाऱ्या पाण्यातले क्षार पाण्याच्या वाटांमध्ये बसायला लागतात. अशा थंड इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पाण्याचंही तसंच. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक धुराबरोबर जातं, पण थंड इंजिनात थोडी वाफ खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, थिजते आणि तिथेच राहते.

आणि मग बोट आठवडेच्या आठवडे उभी राहते. ऑइल भागांवरून निथळून खाली जातं, दमट खारी हवा आत शिरते, उघड्या पडलेल्या धातूवर गंज धरतो.

म्हणजे बोटीतलं ऑइल बहुधा म्हातारं होऊन मरत नाही. पाणी, इंधन, काजळी आणि रिकामपण त्याला मारतं. हे चार शत्रू समोरचं ऑइल सिंथेटिक आहे की साधं, हे विचारत बसत नाहीत.

सिंथेटिक म्हणजे नेमकं काय

डब्यावरच्या शब्दावर फार विसंबू नका. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, मूळ तेलांचे पाच गट मानते. पहिला आणि दुसरा गट खनिज तेलाचा, म्हणजे ज्याला आपण साधं म्हणतो त्याचा. दुसरा जास्त शुद्ध केलेला. तिसरा गटही खनिज तेलापासूनच होतो, पण हायड्रोजनने इतकं कडक शुद्धीकरण केलेलं असतं की त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स (जितका जास्त तितका तापमानाने दाटपणा कमी बदलतो) १२० किंवा त्याहून वर जातो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन, हा खरोखर रसायनशाळेत जोडलेला. पाचव्यात बाकीचं सगळं, त्यात एस्टरही येतात.

तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणायचं का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला होता. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातींच्या तंट्यांवर निवाडा देणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला आणि तेव्हापासून तिसऱ्या गटाचं तेलही 'फुल सिंथेटिक' म्हणून राजरोस विकलं जातं. यात फसवणूक नाही. ते तेल चांगलंच असतं. मुद्दा इतकाच की एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. 'सेमी सिंथेटिक' तर आणखी ढगळ शब्द. आत किती टक्के काय आहे, याला सगळीकडे लागू असं बंधन नाही.

सिंथेटिकचे खरे गुण कोणते? ते उष्णतेने लवकर जळत नाही, थंडीत घट्ट होत नाही, वाफ होऊन कमी उडतं, पिस्टनवर राळ कमी साचवतं आणि जास्त काळ टिकतं. हे गुण पाण्यावर एकेक करून तपासू.

जास्त काळ टिकतं, हा पहिला. पण बहुतेक उत्पादक सांगतात की १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. हौसेची बोट वर्षाला ५०-६० तास चालते. म्हणजे ऑइल कॅलेंडर बघून बदलायचं असतं, तास बघून नाही. टिकाऊपणाचे पैसे तुम्ही भरता आणि तो टिकाऊपणा वापरायच्या आत ऑइल काढून टाकता.

थंडीत घट्ट होत नाही, हा दुसरा. ग्रेडमधला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो. १५डब्ल्यू ग्रेडचं ऑइल उणे २० अंशालाही इंजिन फिरवू देईल इतकं पातळ असावं लागतं. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाच्या आसपास गोठतं, त्यामुळे पाण्यात तरंगत असलेल्या बोटीच्या पोटातलं इंजिन सहसा त्याच्या फार खाली जात नाही. कडाक्याच्या थंडीत ट्रेलरवर उघड्यावर उभं राहणारं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) सोडलं तर हा गुण बोटीत फारसा कामाला येत नाही.

उरली उष्णता. इथे मात्र सिंथेटिक आपली किंमत वसूल करतं. टर्बो किंवा सुपरचार्जर असलेलं, लहान आकारातून भरपूर ताकद काढणारं, तासन्तास पूर्ण जोरात चालणारं इंजिन असेल तर पिस्टनच्या माथ्याखाली आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये साधं ऑइल लवकर करपतं. तुमचा निर्णय मुख्यतः या एका मुद्द्यावर येऊन थांबणार आहे.

पायरी १: इंजिन कुठल्या जातीचं, ते ठरवा

टू-स्ट्रोक आउटबोर्ड असेल तर ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. त्याला टीसी-डब्ल्यू३ प्रमाणपत्राचंच ऑइल हवं. ही खूण अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनची. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठी. या ऑइलमध्ये धातूची संयुगं नसतात, त्यामुळे जळल्यावर राख उरत नाही. दुचाकीचं किंवा चेन-सॉचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि त्यात राख करणारी संयुगं असू शकतात. ती राख स्पार्क प्लगवर आणि पिस्टनवर बसते. महागातलं सिंथेटिक टू-टी असलं तरी आउटबोर्डमध्ये ते चुकीचंच.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: सिंथेटिक घातलं की प्रमाण कमी केलं तरी चालतं. नाही चालत. मॅन्युअल ५०:१ म्हणत असेल तर लिटरला २० मिलिलिटर, मग डब्यात काहीही असो. प्रमाण इंजिनाचा उत्पादक ठरवतो. काही थेट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोकमध्ये विशिष्ट सिंथेटिक ऑइलसाठी इंजिनाचा संगणकच कमी ऑइल सोडेल असा बसवून मिळायचा. पण ते त्या इंजिनापुरतं, त्या ऑइलपुरतं. अशा थेट इंजेक्शनच्या इंजिनात ऑइल कमी आणि उष्णता जास्त असते. तिथे मी सिंथेटिकच घालेन.

फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आणि पेट्रोल इनबोर्डसाठी (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) त्याच संस्थेची एफसी-डब्ल्यू ही खूण आहे. ती मिळवायला ऑइलला खाऱ्या धुक्यात गंजाची चाचणी द्यावी लागते, पाणी मिसळल्यावर फिल्टर तुंबत नाही हे दाखवावं लागतं, फेस आणि दाटपणा टिकण्याच्या चाचण्या वेगळ्याच. गाडीच्या ऑइलला गंजाची इतकी कडक परीक्षा नसते, कारण गाडी रोज चालते. म्हणून पर्याय दोनच असतील, एफसी-डब्ल्यूचं साधं ऑइल आणि ती खूण नसलेलं गाडीचं भारी सिंथेटिक, तर आउटबोर्डमध्ये डोळे झाकून पहिलं घाला.

जुन्या इनबोर्ड व्ही-८ पेट्रोल इंजिनांत कॅमशाफ्टवर सपाट टॅपेट (झडपा उघडणारे दट्टे) घासत असतात. त्यांना झिंक आणि फॉस्फरसचं झीजरोधक संयुग पुरेसं लागतं. हल्लीच्या गाड्यांच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, कारण तो धुराच्या नळीतल्या कॅटॅलिस्टला बाधतो. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ची अशी पातळ ऑइलं या इंजिनांसाठी नाहीतच, कितीही सिंथेटिक असली तरी.

डिझेलमध्ये एपीआयचे 'सी' ने सुरू होणारे वर्ग बघायचे आणि त्याबरोबर तुमच्या डिझेलमधलं गंधक. गंधक जळून आम्ल होतं, ते मारायला ऑइलमध्ये क्षार लागतो. त्याच्या मापाला टीबीएन म्हणतात. सीके-४ हा नवा वर्ग ०.०५ टक्क्यांपर्यंत गंधक असलेल्या डिझेलसाठी आखलेला आहे, तर जुना सीआय-४ ०.५ टक्क्यांपर्यंत. स्वच्छ डिझेल मिळत असेल तर सीके-४ उत्तम. जास्त गंधकाचं डिझेल भरावं लागत असेल तर भरपूर टीबीएन असलेलं साधं सीआय-४ हे कमी टीबीएनच्या सिंथेटिकपेक्षा इंजिनाला जास्त मानवेल. उत्पादकाची स्वतःची खूणही बघा. व्होल्वो पेंटाच्या इंजिनांना व्हीडीएस-३, व्हीडीएस-४ असे वर्ग लागतात.

एक जात मात्र साफ वेगळी. जुन्या कामाच्या बोटींमध्ये अजून डेट्रॉइट डिझेलची टू-स्ट्रोक इंजिनं, ७१ मालिकेतली वगैरे, गर्जत असतात. त्यांना एसएई ४० हे एकाच ग्रेडचं, सीएफ-२ वर्गाचं, कमी राखेचं ऑइल लागतं. १५डब्ल्यू-४० सुद्धा त्यांना चालत नाही. त्यांच्या मालकांनी हा लेख इथेच थांबवला तरी हरकत नाही.

मोठ्या जहाजांची संथ गतीची इंजिनं हा निराळाच प्रांत आहे. तिथे सिलिंडरचं ऑइल वेगळं, खाली क्रँकशाफ्टचं वेगळं, आणि सिलिंडर ऑइलचा ४०, ७०, १०० असा क्षारांक, म्हणजे टीबीएनच, इंधनातल्या गंधकाप्रमाणे निवडतात. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५० टक्क्यावर आली, तेव्हा हे सगळं गणित नव्याने मांडावं लागलं होतं. सिंथेटिकचा प्रश्न तिथे गौण.

पायरी २: ग्रेड मॅन्युअलमधूनच घ्या

ग्रेडमधला दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. १०० अंशाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (हे दाटपणाचं माप) दरम्यान असतं, ४० चं १२.५ ते १६.३ च्या. ऑइलमध्ये चार-पाच टक्के इंधन मिसळलं की ४० चं ऑइल सहज ३० च्या घरात उतरू शकतं. बोटीत हे मिसळणं नेहमीचंच, म्हणून बोटीच्या ग्रेड थोड्या दाट असतात. पेट्रोल इनबोर्डसाठी २५डब्ल्यू-४० अशी गाडीत न दिसणारी ग्रेड मिळते ती याचसाठी.

बहुतेक मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. तुम्ही बोट चालवता त्या महिन्यांचं तापमान त्यात बघा. सिंथेटिक घेताना लोक ५डब्ल्यू-४० उचलतात, कारण तेच सहज मिळतं. तक्त्यात ते बसत असेल तर काहीच हरकत नाही. नसेल तर उगाच हुशारी करू नये.

पायरी ३: स्वतःची बोट खरोखर कशी चालते, ते लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात आणि निवड चुकते ती इथेच. मागच्या हंगामात तासमापी किती पुढे गेला? त्यातले किती तास पूर्ण जोरात आणि किती तास रेंगाळत? सलग किती दिवस बोट उभी होती? इंजिनात थेट समुद्राचं पाणी फिरतं की कूलंटचं बंद चक्र आहे? टर्बो आहे का? वॉरंटी शिल्लक आहे का? दोन हंगामांमध्ये ऑइल वरून किती भरावं लागलं?

या उत्तरांवरून चित्र साधारण असं उभं राहतं. टर्बो डिझेल, वर्षाला काही शे तास, बहुतेक वेळ जोरात: सिंथेटिक घ्या. बिनटर्बोचं छोटं डिझेल, वर्षाला ४० तास, तेही हळू: साधं १५डब्ल्यू-४० घ्या आणि वेळेवर बदला. आधुनिक फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, आठवड्यातून एकदा मासेमारी: एफसी-डब्ल्यूचं काहीही. तेच आउटबोर्ड स्की ओढायला किंवा दिवसभर भरधाव वापरता, तर एफसी-डब्ल्यूचं सिंथेटिक किंवा मिश्रण.

पायरी ४: हिशेब मांडा

समजा साध्या ऑइलची किंमत १ भाग आणि सिंथेटिकची २.५ भाग आहे. तुमच्या इंजिनाला पाच लिटर लागतं आणि वर्षाला ६० तास चालतं. साधं घातलं तर वर्षाला ५ भाग, सिंथेटिक घातलं तर १२.५. बदलायचं दोन्ही बाबतींत वर्षातून एकदाच. वाचलेल्या ७.५ भागांतून साधंच ऑइल हंगामाच्या मध्यावर आणखी एकदा बदललं, तरी अडीच भाग हातात उरतात आणि साचलेलं पाणी, पेट्रोल, काजळी वर्षातून दोनदा बाहेर पडते. थंड चालणाऱ्या, कमी वापराच्या इंजिनासाठी मी नेहमी हाच मार्ग सुचवतो. मिसळलेली घाण बाहेर काढण्याचा ऑइल बदलण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही.

आता वर्षाला ६०० तास चालणारी प्रवासी बोट घ्या. सम्प २० लिटरचा, दर २५० तासांनी बदल. इथे प्रत्येक बदलात मजुरी, फिल्टर आणि बोट बंद राहण्याचा तोटा असतो. वॉरंटी संपलेली असेल आणि ऑइलचे नमुने प्रयोगशाळेत जात असतील, तर सिंथेटिकवर मुदत हळूहळू वाढवून पैसे वसूल होऊ शकतात. नमुने न तपासता मुदत वाढवणं हा मात्र शुद्ध जुगार. वॉरंटी असताना तर तो विचारही नको, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

पायरी ५: जिथे सिंथेटिक घालायचं नाही, त्या जागा

नवं किंवा नव्याने बांधलेलं इंजिन. सुरुवातीच्या तासांत रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून बसाव्या लागतात. आउटबोर्डची पहिली सर्व्हिस बहुधा २० तासांची आणि डिझेलची ५० तासांची असते. तोवर उत्पादकाने सांगितलेलंच ऑइल ठेवा. काही इंजिनं कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात, तिथे प्रश्न नाही. पण मॅन्युअल साधं म्हणत असेल तर साधंच. छोट्या डिझेलमध्ये तर या काळात इंजिन रिकामं फिरवत ठेवणंही टाळा. कमी भारावर चालत राहिलं की सिलिंडरच्या भिंतीवर ऑइल धरून ठेवायला मुद्दाम पाडलेले होनिंगचे बारीक चरे राळेने भरून जातात, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग ते इंजिन जन्मभर ऑइल पितं.

गिअरबॉक्स. काही बोटींच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच लागतं, काहींत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल. आत क्लच असतो आणि तो घर्षणावर पकडतो. अनेक गिअरबॉक्स एकाच ग्रेडचं ऑइल मागतात. इंजिनातलं उरलेलं सिंथेटिक 'वाया कशाला घालवा' म्हणून तिथे ओतू नका. काही सुपरचार्जर असलेल्या जेट-स्कींमध्येही इंजिन ऑइलात भिजणारा घसरता क्लच असतो. तिथे उत्पादकाने सिंथेटिकला मनाई केलेली असेल तर ती पाळा.

आणि गळणारं जुनं इंजिन. सिंथेटिकने सील खराब होतात, हे आजच्या ऑइलबाबत खरं नाही. सुरुवातीच्या काळातली काही सिंथेटिक सील आक्रसवायची, आता त्यांत एस्टर घालून तोल साधलेला असतो. मात्र वर्षानुवर्षांचा चिकटा ज्या भेगा बुजवून बसलेला असतो, तो धुतला गेला की आधीपासून असलेली गळती उघडी पडते. बोटीत ही गळती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, उतरते आणि बिल्ज पंप ती समुद्रात फेकतो. त्यामुळे आधी सील बदला.

पायरी ६: बदलायचं ठरलं, तर असं बदला

सिंथेटिक आणि साधं ऑइल एकमेकांत मिसळतं. एकदा सिंथेटिक घातलं की परतीचा रस्ता बंद, ही नुसती दंतकथा. समुद्रात असताना ऑइल कमी पडलं तर योग्य ग्रेडचं आणि वर्गाचं जे हाताशी असेल ते घालून परत या.

बदलताना इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. आउटबोर्ड असेल तर पाण्याचा पुरवठा जोडूनच, नाहीतर पंपाचा रबरी इम्पेलर मिनिटभरात जळतो. गरम ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर येतं. इनबोर्डमध्ये ड्रेन बोल्टपर्यंत हात पोचेल याची खात्री नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढतात. ओढलेलं ऑइल मोजा. पाच लिटरच्या सम्पमधून चारच निघालं असेल तर एक लिटर जुनं आत आहे. नळी थोडी वरखाली करून पुन्हा ओढा.

फिल्टर प्रत्येक वेळी नवा. जुन्या फिल्टरचा रबरी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिला नाही ना, ते हाताचं बोट फिरवून बघा. दोन गॅस्केट एकावर एक बसले की ऑइल दाबाने बाहेर उडतं. नव्या गॅस्केटला ऑइल चोळा आणि फिल्टर हातानेच आवळा.

नवं ऑइल सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन सुरू करा, प्रेशर आलं ना ते बघा, बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघून बाकीचं भरा. इंजिन तिरकं बसवलेलं असतं, त्यामुळे बोट जशी पाण्यात असते तशी असतानाच मापाला अर्थ. जास्त भरलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि बेअरिंगला ऑइलऐवजी हवा मिळते.

जुन्या, चिकट्याने भरलेल्या इंजिनात पहिल्यांदाच सिंथेटिक घातलं असेल तर पहिली मुदत निम्मी करा. सुटलेला चिकटा त्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

पायरी ७: डिपस्टिक वाचायला शिका

ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं. बोटीत जास्त धोका ते वाढण्याचा. भरलं नसताना पातळी चढली तर आत पेट्रोल, डिझेल किंवा पाणी उतरलंय. वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि आउटबोर्ड बराच काळ रेंगाळत चालवलं असेल तर ऑइल बदला आणि पुढच्या वेळी परत येताना त्याला काही वेळ जोरात पळवा, म्हणजे उडणारं उडून जाईल.

पाण्याचा संशय असेल तर धातूची पट्टी साधारण १५० अंशांना तापवून तिच्यावर ऑइलचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. डोळ्यांना चष्मा लावा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पट्टीचीही गरज नाही. तेव्हा कुठलं ऑइल घालायचं हा प्रश्नच उरत नाही. हेड गॅस्केट, ऑइल कूलर, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड यांपैकी कोण गळतंय ते शोधा, दुरुस्त करा आणि मग स्वस्तातलं साधं ऑइल घालून, गरम करून, दोन-तीनदा बदलून इंजिन धुऊन काढा.

प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम बघा. समुद्राच्या पाण्यात सोडियम मॅग्नेशियमच्या साधारण आठपट असतं. दोन्ही त्या प्रमाणात वाढले असतील तर समुद्र आत येतोय. सोडियम, पोटॅशियम आणि ग्लायकॉल वाढलं तर कूलंट. एकट्या अहवालावरून मात्र फार कळत नाही, कारण ऑइलच्या स्वतःच्या रसायनांतही यांतले काही धातू असतात. म्हणून न वापरलेल्या ऑइलचाही एक नमुना पाठवून ठेवा. टीबीएन नव्याच्या निम्म्यावर आला की ऑइल बदलायचं, मग ते सिंथेटिक असो वा साधं.

बोट महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तेव्हा

हंगामाच्या शेवटी ऑइल बदलून मगच बोट उभी करा. पुष्कळजण पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला बदलतात, म्हणजे आम्ल आणि पाणी मुरलेलं जुनं ऑइल बेअरिंगांवर महिनोन्‌महिने बसू देतात. नवं ऑइल भरल्यावर इंजिन काही मिनिटं चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल, म्हणजे गंज रोखणारं फवाऱ्याचं तेल, फवारा. सिंथेटिक असो की साधं, महिनोन्‌महिने भिंतींना चिकटून राहील या भरवशावर राहू नका.

आणि दर आठवड्याला येऊन पाच मिनिटं इंजिन फिरवायची सवय असेल तर ती सोडा. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही, पण पाणी आणि पेट्रोल मात्र दर वेळी थोडं आत उतरतं. चालवायचंच असेल तर बोट बाहेर काढा, गिअर टाका आणि इंजिन पूर्ण तापून वर अर्धा तास होईपर्यंत चालवा. तेवढा वेळ नसेल तर किल्ली घरीच राहू द्या.